दाखल्यावरची ‘गृहिणी’

माझी लेक तेव्हा चौदा महिन्यांची होती. रांगत रांगत आत्यांच्या सुपापाशी गेली आणि तंबाखूची भुकटी मुठीत घेऊन तोंडात कोंबली.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. बत्तीस वर्षं विड्या वळतात. ज्यांनी विडीवाल्याचं घर आतून बघितलं नाही त्यांना सांगते. संध्याकाळी पानं भिजवून ओल्या कापडात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचा साचा पानावर धरायचा आणि कात्रीने त्याच्या कडेकडेने कापत जायचं. मग मांडीवर सूप. सुपाच्या एका अंगाला कापलेल्या पानांची चळत, दुसऱ्या अंगाला तंबाखूचा ढीग, काठावर दोऱ्याचं रीळ. पानात चिमूट पेरायची, वळायची, तोंड नखाने आत दुमडायचं, दोरा बांधायचा. हजार विड्या झाल्या की दिवस भरला. त्या घेऊन विडी कंपनीच्या ब्रँचवर जायचं, तिथे छाट निघते, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला काढतात, ती सोसायची आणि उद्याचं पान-तंबाखू घेऊन परत यायचं. हे सगळं बाहेरच्या खोलीत, जमिनीवर बसून. आमच्या घरात खोल्या दोनच.

पोरीला उलट्यांवर उलट्या झाल्या. अंग गार पडलं, डोळे मिटायला लागली. मी कामावर होते. शेजारच्या अक्कांनी फोन केला आणि मी पोचेपर्यंत आत्यांनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. एक रात्र तिथे काढली. सकाळी सोडताना डॉक्टर म्हणाले, “त्या खोलीत हे मूल खाली सोडायचं नाही.” बास, एवढंच. आत्या कोपऱ्यात उभ्या होत्या. घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत आणि घरी आल्यावर दाराशीच बसून रडल्या. “माझी तिन्ही पोरं ह्याच सुपाशेजारी वाढली गं. झोळीत टाकायची न् पायानं झोका द्यायची.”

माझा आत्यांवर राग नव्हता. आजही नाही. हात कामात आणि डोळा पोरीवर असं एका बाईने दिवसभर करायचं म्हणजे किती करायचं?

आम्ही सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलात राहतो. गोदूताई परुळेकर वसाहत म्हणतात ती. २००६ साली दहा हजार विडी कामगार बायकांना इथे घरं मिळाली, त्यातलं एक आमचं. घर आत्यांच्या नावावर आहे आणि ह्याचा मला फार अभिमान आहे. नवरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र. मी त्याच रस्त्याला शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात. माझ्याकडे कॉलर. पीसवर पैसे. शाळा उघडायच्या आधीचे चार महिने मान वर करायला फुरसत नसते, नंतर कधी काम असतं, कधी मालक म्हणतो उद्या येऊ नका. पोरगी पाच महिन्यांची असताना मी परत मशिनीवर बसले, कारण बाळंतपणातली उसनवारी फेडायची होती.

दवाखान्यातून आल्यावर तीन दिवस घरी राहिले. चौथ्या दिवशी मालकाने दुसरी बाई बघतो म्हणून निरोप धाडला. गावातल्या एका खासगी पाळणाघराचा भाव विचारला तर महिन्याला अडीच हजार, दूध वेगळं. माझी महिन्याची सरासरी साडेपाच हजार पडते.

कारखान्यातच पाळणाघर का नाही, असं मला एका मैत्रिणीने विचारलं. कायदा आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यावं लागतं. आमच्याकडे मशिनी अठरा. विड्यांचंही तसंच. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात पाळणाघर होतं, पण ते कारखान्याच्या आवारात. आत्यांचा कारखाना म्हणजे आमची बाहेरची खोली. सोलापुरातल्या हजारो बायका घरी बसून वळतात. कायदा ब्रँचच्या दारापर्यंत येतो आणि तिथेच थांबतो.

तेव्हा कळलं की घरापासून दहा मिनिटांवरच्या एका अंगणवाडीला ‘पाळणा’ जोडलाय. ही केंद्राची योजना आहे. आधी तिचं नाव राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना होतं, नंतर राष्ट्रीय पाळणाघर योजना झालं आणि २०२२ पासून ती मिशन शक्तीत ‘पाळणा’ म्हणून आली. सहा महिने ते सहा वर्षं वयाची मुलं, एका पाळण्यात पंचवीस, त्यांना सांभाळायला एक सेविका आणि एक मदतनीस. दिवसाला साडेसात तास, महिन्याला सव्वीस दिवस. साधी अंगणवाडी तीन-चार तासांत सुटते, तेवढ्यात माझ्या शंभर कॉलरीसुद्धा होत नाहीत. त्यामुळे साडेसात तास ऐकूनच मला रडू यायचं बाकी होतं.

सेविकाताई चांगल्या होत्या. म्हणाल्या, तीन जागा आहेत, सात अर्ज आलेत, कागद लवकर आणा. आणि एक छापील फॉर्म दिला. मुलीचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि आईच्या कामाचा दाखला.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ई-सेवा केंद्रात गेले. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, नवरा काय करतो? मागावर. महिन्याला किती? मी सांगायला लागले की महिन्याला नाही, आठवड्याला असतो, आणि दर आठवड्याला सारखा नसतो. त्याने मान हलवली आणि ७,००० गुणिले बारा करून ८४,००० टाकलं. मी म्हटलं, माझंपण धरा. तो म्हणाला, “ताई, बायकांचं कशाला लिहिता? उगाच आकडा फुगतो. सगळे असंच करतात.” मागे रांग होती, कडेवर पोरगी किरकिरत होती. मी स्वयंघोषणापत्रावर सही केली. तलाठ्याकडची चौकशी होऊन पंधराव्या दिवशी दाखला हातात आला.

तो घेऊन अंगणवाडीत गेले. सेविकाताईंनी दाखला वाचला, मग त्या दाखल्यासाठी केलेल्या अर्जाची छापील प्रत वाचली आणि बोट ठेवलं. अर्जदाराचा व्यवसाय: गृहिणी.

“आई घरी असते तर पाळणा कशाला, असं वर विचारतील हो,” त्या म्हणाल्या.

मी त्या शब्दाकडे बघत राहिले. त्या दिवशी दुपारपर्यंत मी एकशे वीस कॉलरी बसवून आले होते. बोटांना पांढरा दोरा चिकटलेला होता.

मग मी कामाचा दाखला मागायला मालकाकडे गेले. लेटरहेडवर दोन ओळी द्या म्हटलं, ही बाई आमच्याकडे शिलाईला आहे, एवढंच. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. आज तुला दिलं तर उद्या सगळ्या मागतील, परवा पीएफवाले येतील. माणूस वाईट नाही, दिवाळीला साडी देतो. पण त्या कागदावाचून माझं काम कुठेच नोंदलेलं नव्हतं. आत्यांकडे निदान विडी कामगाराचं ओळखपत्र आहे, फोटो लावलेलं, कडा झिजलेलं. ते त्या लोखंडी पेटीत साडीच्या घडीत ठेवतात. त्या रात्री त्यांनी ते काढलं आणि माझ्यापुढे धरलं. “माझं चालंल का बघ की. घरातल्या बाईचंच हाय.” चालणार नव्हतं. पण ते त्यांनी पुढे केलं हे मी विसरणार नाही.

इथे एक सांगते. ह्या सगळ्या खटाटोपात मला एकच गोष्ट दोन तोंडांनी सिद्ध करायची होती. एका खिडकीवर सांगायचं की मी फार कमावत नाही आणि दुसऱ्या खिडकीवर सांगायचं की मी कमावते. पहिलीवर माझी कमाई लपवली तर फायदा, दुसरीवर लपवली तर पोरीची जागा जाते. आणि आकड्यांचं म्हणाल तर आम्ही गरीब आहोत की नाही हेसुद्धा खिडकीगणिक बदलतं. पिवळ्या कार्डाला वर्षाचं उत्पन्न १५,००० च्या आत लागतं, केशरीला १ लाखापर्यंत. अन्नसुरक्षेच्या धान्याला ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,०००. ४४,००० म्हणजे अख्ख्या घराला दिवसाला १२० रुपये. खासगी शाळांतल्या आरटीईच्या पंचवीस टक्के जागांना १ लाखाच्या आत. लाडकी बहीणला अडीच लाख. एकच घर, एकच चूल, आणि कुठे बसतं, कुठे बसत नाही.

मग मी बसून खरा हिशेब केला. आमच्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर पगार लिहायची सवय आहे. नवरा आठवड्याचे पैसे आणतो तेव्हा त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने आकडा लिहितो. माग बंद असला की फुली. बीम संपलं, वीज गेली, सूत आलं नाही, सगळ्याला एकच फुली. मी वर्षभराची पानं उलटून एकेक चौकोन वहीत उतरवला. चव्वेचाळीस आठवडे भरलेले, सरासरी तीन हजार, म्हणजे १,३२,०००. माझे नऊ महिने, साडेपाचच्या हिशेबाने ४९,५००. मिळून १,८१,५००. आत्यांचं रेशन कार्ड वेगळं, त्यामुळे त्यांचं धरायचं नाही असं कळलं.

तो आकडा बघून पोटात गोळा आला. ८४,००० चा दाखला माझ्या हातात होता. तो ठेवून फक्त ‘गृहिणी’ बदलून घ्यावं का, हा विचार मी केला, खोटं का सांगू. एक लाखाच्या वर गेलो आणि जागा हुकली तर? नवरा रात्रपाळीला निघाला होता. डबा उचलता उचलता म्हणाला, “तू शिवतीस ते लिही. राहिलं तर राहिलं.” मला त्या वाक्याचा फार आधार वाटला.

दुसऱ्यांदा अर्ज केला तो वही घेऊन. व्यवसाय शिवणकाम, उत्पन्न १,८१,५००. तो काउंटरवरचा मुलगा ह्या वेळी काही बोलला नाही, वहीची पानं मात्र उलटून बघितली. ई-श्रम कार्डाचं त्यानेच सुचवलं. असंघटित कामगारांची ही नोंदणी २०२१ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, सोळा ते एकोणसाठ वयाच्या माणसाला करता येते, आणि कार्डावर आपला व्यवसाय छापून येतो. मी तोवर केली नव्हती. आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल एवढ्यावर अर्ध्या तासात झाली. त्या कार्डावर माझ्या नावाखाली माझं काम लिहून आलं ते मी चालता चालता तीनदा वाचलं. आणि जोडीला माझी पीसची वही घेतली. रोज संध्याकाळी आमचा सुपरवायझर त्यात किती पीस झाले ते मांडून सही करतो. एका बाजूला तारीख, मध्ये कॉलर २१०, कॉलर १८५, शेवटी निळ्या पेनची वेलांटी. नऊ महिन्यांच्या सह्या. मालकाने जे दिलं नाही ते त्या वहीत होतं.

हे सगळं पिशवीत घालून एप्रिलच्या शेवटी गेले तेव्हा तिथे मुख्यसेविका, म्हणजे सेविकांच्या वरच्या बाई, आलेल्या होत्या. सेविकाताईंनी माझे कागद त्यांच्यापुढे मांडले. त्यांनी चाळले, मग फॉर्म हातात घेतला आणि सेविकाताईंना विचारलं, “हा फॉर्म कुठला वापरताय?”

तो जुना होता. आधीच्या पाळणाघर योजनेत आई महिन्यातून किमान पंधरा दिवस किंवा वर्षातून सहा महिने काम करणारी असावी, अशी अट होती. फीसुद्धा उत्पन्नावर होती, दारिद्र्यरेषेखालच्या घराला महिन्याला २० रुपये, १२,००० पर्यंत मासिक उत्पन्न असेल तर १००, त्याच्या वर २००. ‘पाळणा’ आल्यावर आईच्या नोकरीची अट निघाली. आई कामावर जाते की घरी असते हे बघायचं नाही, सगळ्या आयांसाठी आहे. मुख्यसेविकांनी मोबाइलवर ते पान उघडून दोघींना वाचून दाखवलं. अंगणवाडीचं तर त्याहून आधीपासून आहे. दारिद्र्यरेषेचं कार्ड असेल तरच घेऊ असं म्हणता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ सालचा आदेश आहे.

म्हणजे जे सिद्ध करायला मी फेब्रुवारीपासून पळत होते, ते विचारायचंच नव्हतं.

सेविकाताई वरमल्या. त्यांच्याकडे कपाटात होता तो फॉर्म त्यांनी दिला, नवा कोणी पाठवला नव्हता. मला त्यांच्यावर चिडता आलं नाही. त्या स्वतः मानधनावर आहेत, सकाळी नऊपासून पोरांची वजनं घेतात, मोबाइलमध्ये नोंदी भरतात, आणि मीटिंगला बोलावलं की गाडीभाडं पदरचं घालून जातात. पण चीड आलीच नाही असंही नाही. ह्या दोन महिन्यांत माझे अकरा खाडे झाले. अकरा दिवसांच्या कॉलरी. आणि मी निदान दहावी शिकलेली आहे, हिशेब मांडता येतो, कोणाला काय विचारायचं ते कळतं. माझ्यासोबत अर्ज केलेली एक बाई कामाचा दाखला मिळेना म्हणून पहिल्याच आठवड्यात नाद सोडून गेली होती. ती धुणीभांडी करते. चार घरच्या बायकांनी तिला लिहून द्यायला नकार दिला. मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेले आणि अट नाही म्हणून सांगितलं. तिचा मुलगा आता आमच्या पोरीच्याच बाजूच्या चटईवर झोपतो.

मेच्या पहिल्या सोमवारी पोरीला सोडलं. सोलापूरचा मे तुम्हाला माहीत आहे, सकाळी दहालाच पत्रा तापून बोलायला लागतो. खोलीत दोन पंखे, खिडकीला ओलं पोतं, एका भिंतीशी माठ. खुंट्यांवर पंचवीस पिशव्या, प्रत्येकीवर सेविकाताईंनी स्केचपेनने चित्र काढलेलं, कारण नाव वाचायचं वय कोणाचंच नाही. आमच्या पिशवीवर कणीस आहे. जमिनीवर जुन्या सोलापुरी चादरी अंथरलेल्या, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या. मी तिला खाली ठेवलं. खाली ठेवलं! दवाखान्यातून आल्यापासून तिला घरात आम्ही जमिनीवर सोडलीच नव्हती, कडेवर नाहीतर कॉटवर. ती दोन मिनिटं बसून राहिली, मग चादरीच्या मोरावर हात फिरवला, आणि रांगत सुटली. मी दाराबाहेर उभी राहून बघत होते. मदतनीस मावशी म्हणाल्या, जा आता, तुम्ही दिसलात तर रडेल.

अजून सगळं जमलेलं नाही. पाळणा पाचला बंद होतो आणि माझी सुट्टी साडेसहाला होते. कारखान्यातून लवकर निघते म्हटलं तर शेवटच्या तासाचे पीस जातात. साडेसात तास ज्यांनी ठरवले त्यांनी शिलाईच्या कारखान्याची वेळ धरलेली दिसत नाही. हे मी मुख्यसेविकांना लिहून दिलंय, आम्हा नऊ आयांच्या सह्यांनी. वेळ सातपर्यंत करा, हवं तर सकाळी उशिरा उघडा. अजून उत्तर नाही. दर महिन्याला जाऊन विचारते.

तोवर पाच ते साडेसहाचं आत्यांनी अंगावर घेतलंय. साडेचार वाजले की त्या सूप उचलून फळीवर ठेवतात, वर कापड टाकतात. खोली ओल्या फडक्याने दोनदा पुसून काढतात. मग मोरीत बसून कोपरापर्यंत साबण लावतात, नखांत काडी घालून तंबाखू काढतात, हात नाकाशी नेऊन वास घेऊन बघतात. वास राहिला असेल तर पुन्हा साबण. त्यानंतर लुगडं बदलतात, वेगळं ठेवलेलं हिरवं नेसतात, आणि कणसाची पिशवी आणायला निघतात.